अडकित्त्याने कातरलेली साल

ऑर्किडची एकोणतीस रोपं मी तुळशीच्या मातीत लावली आणि अकरा दिवसांत त्यातली बावीस मारली.

रोपं माझी नव्हती. शेजारच्या आंटींची होती. खरं म्हणजे आंटींचीही नव्हती, त्यांच्या नवऱ्याची होती, आणि अंकल आदल्या वर्षीच गेले होते. म्हणजे ज्याचा गुन्हा केला त्याला सॉरी म्हणायचीसुद्धा सोय उरली नव्हती.

आम्ही तेव्हा सिंगापुरात, चोआ चू कांगला, एचडीबीच्या म्हणजे सरकारी घरांच्या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर राहत होतो. लांबलचक कॉरिडॉर. आमच्या दाराशी एक तुळस आणि आंटींच्या दाराशी लोखंडी मांडणीवर तीस-चाळीस ऑर्किडं. अंकल निवृत्त झाल्यापासून त्या मांडणीपुढे स्टूल टाकून बसलेले असायचे. एकदा त्यांनी टूथपिक घेऊन डेंड्रोबियम जातीच्या एका ऑर्किडचे परागकण दुसऱ्याला लावले. शेंग धरली. ती त्यांनी कुठल्याशा प्रयोगशाळेत दिली, कारण ऑर्किडचं बी हळदीच्या पुडीपेक्षा बारीक असतं आणि ते काचेच्या बाटलीत, जेलीवर रुजवावं लागतं. बाटली तयार होऊन घरी आली तेव्हा अंकल फोटोत गेले होते. आंटींनी ती फोटोशेजारीच ठेवली.

बाटलीत एकोणतीस हिरवे ठिपके. बियांपासून केलेली ऑर्किडं सख्ख्या भावंडांसारखी असतात. आईबाप तेच, पण तोंडवळा प्रत्येकाचा निराळा. म्हणजे एकोणतीस रोपांना एकोणतीस वेगळी फुलं येणार, आणि ती कशी असतील ते जगात कोणालाच ठाऊक नाही. अंकलनाही नव्हतं. आंटींना ती फुलं बघायची होती. "तीन वर्षं, चार वर्षं," त्या म्हणायच्या, "मी एकाहत्तर. जमेल, लाह." त्यांचं इंग्रजी मी इथे जमेल तसं मराठीत करून लिहितोय. 'लाह'ला मराठी नाही, तो तसाच ठेवलाय.

पुढे रोपांची पानं बाटलीच्या झाकणाला टेकली, जेली काळपट झाली. आता ती बाहेर काढायलाच हवी होती. नेमकं तेव्हाच मलेशियात आंटींच्या बहिणीचं कंबरेचं हाड मोडलं. आंटींना दोन-तीन महिने तिकडे जाणं भाग होतं, आणि त्यांचे हात थरथरायचे. त्या बाटली घेऊन आमच्या दारात आल्या.

"तू इंजिनिअर ना? काळजीवाला माणूस."

माझ्याबद्दल हे वाक्य आमच्या घरात त्याआधी कोणी उच्चारलं नव्हतं. स्वयंपाकघरातून बायकोच्या हसण्याचा आवाज आला आणि त्याला झाकायला तिने घाईघाईने मिक्सर लावला.

आंटींनी मला सगळं सांगितलं. बाटली कशी उघडायची, मुळांची जेली कशी धुवायची, मग बार्कमध्ये कसं लावायचं. बार्क म्हणजे झाडाची साल. कारखान्यात सुरक्षिततेची सूचना ऐकताना जसा चेहरा करतो तसा चेहरा करून मी ते ऐकलं. मग आमच्या तुळशीकडे बोट दाखवून म्हणालो, "आंटी, ही बघा. बारा महिने टवटवीत. डोन्ट वरी."

रविवारी बाटली उघडली. घरात साल नव्हती. बेसिनखाली तुळशीच्या मातीची अर्धी पिशवी होती, त्यात मुरलेलं शेणखत. मी विचार केला की साल कुजली की मातीच होते. मग आपण त्या बिचाऱ्या रोपांना तयार मालच देतोय. करंगळीच्या नखाएवढी रोपं ओळीने मातीत खोचली, अंगठ्याने दाबली, वर तांब्याभर पाणी घातलं. नमस्कार तेवढा केला नाही.

यातली खरी मौज वेगळीच आहे. मी जुरोंग आयलंडला, रसायनांच्या कारखान्यांच्या बेटावर, प्रोसेस इंजिनिअर होतो. आमच्या प्लांटमध्ये चार मजली उंच टॉवर आहेत, त्यात अंगठ्याएवढ्या धातूच्या कड्या भरलेल्या असतात. वरून द्रव उतरतो, खालून वायू चढतो, आणि दोघांची गाठ त्या कड्यांच्या फटींत पडते. फटी बुजल्या की टॉवर पाण्याने तुंबतो. फटी बुजू न देण्याचा मला पगार मिळायचा. बारा वर्षं मी तेवढंच करत होतो. आणि ऑर्किडच्या मुळांना नेमकं हेच लागतं, थोडं पाणी, भरपूर हवा, मध्ये फटी. हे मला कळलं ते रोपं तुंबून मेल्यावर.

तिसऱ्या दिवशी पानं काचेसारखी दिसायला लागली. मला वाटलं तजेला आलाय. मी आणखी पाणी घातलं. सातव्या दिवशी देठांशी काळं पडलं. अकराव्या दिवशी सकाळी मी एका रोपाला बोट लावलं आणि ते बोटालाच चिकटून आलं.

"किती गेली?" बायकोने विचारलं.

"बावीस."

"आणि आंटींना काय सांगणारेस?"

"अजून सात आहेत की."

"हे सांगणारेस?"

लेक तेव्हा सेकंडरी टूला, म्हणजे आपल्या आठवीत होती. तिने ट्रेमध्ये डोकावून निकाल दिला, "बाबा, यू ड्राउन्ड देम लाह." इंग्रजी शाळेत घातल्याचा फायदा असा, की जे सांगायला मला परिच्छेद लागला असता ते तिने चार शब्दांत सांगितलं.

सात रोपं मी मातीतून काढली, धुतली, चहाच्या गाळणीत घालून सावलीला ठेवली. आणि त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या ठरवलं की ही सात जगवायची. का, ते सांगायला मला मोठं कारण नको होतं. रोज संध्याकाळी मी बसमधून उतरून कॉरिडॉरने यायचो तेव्हा आंटींच्या बंद दाराच्या जाळीतून अंकलचा फोटो दिसायचा. शेजारी बाटलीच्या बुडाचा गोल डाग.

शनिवारी लेकीला घेऊन नर्सरीत गेलो. चोआ चू कांगच्या मागच्या अंगाला नर्सऱ्यांचा एक रस्ताच आहे. आत शिरलो तर समोरच डेंड्रोबियमच्या रोपांचे ट्रे. हुबेहूब तशीच, नखाएवढी. मी उभा राहिलो. एक ट्रे उचलला. मनात म्हटलं बावीस मोजून घ्यावीत.

"बाबा, व्हॉट आर यू डूइंग?"

"बघतोय नुसता."

"यू आर काउंटिंग."

"अगं, दिसायला सारखीच आहेत. फूल यायला तीन वर्षं आहेत अजून."

"देन थ्री इयर्स लेटर शी विल लुक ॲट सम अदर अंकल्स फ्लॉवर," ती म्हणाली.

मी ट्रे खाली ठेवला. चौदाव्या वर्षी बापाला असं बोलायचं ही कोणाची शिकवण, असं विचारणार होतो, पण उत्तर स्वयंपाकघरात मिक्सर लावून हसत असतं हे मला ठाऊक होतं.

मग सालीच्या पोत्यांकडे वळलो. पोती पाहून मात्र गांगरलो. पाइनची साल, फरची साल, कोळसा मिसळलेली, नारळाचे तुकडे मिसळलेली, आणि प्रत्येकीचे तीन-तीन आकार. नर्सरीवाले अंकल फोनवर होते. म्हणून मी सरळ आंटींनाच फोन लावला. बावीस रोपांचा विषय निघणार नाही अशा बेताने आवाज गोड केला.

"आंटी, बार्क घ्यायला आलोय. कुठली घेऊ?"

"आत्ता? रोपं मग आतापर्यंत कशात होती?"

"धुऊन ठेवलीयत," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

मागे हॉस्पिटलची घंटी वाजत होती. आंटी ओरडून म्हणाल्या, "पाइन बार्क! मीडियम आधी भिजव! मीडियम कोरडं असेल तर मुळं मरतात! मीडियम महत्त्वाचं!" तीनदा म्हणाल्या.

मी मीडियम घेतलं. पोत्यावर ठळक अक्षरांत छापलेलंच होतं, मीडियम. ज्याने ज्याने मला बारा वर्षांत ऑर्डर दिली, त्याचा आकडा मी कधी चुकवलेला नाही.

घरी येऊन पोतं उघडलं तर आत बोरांएवढे तुकडे. कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, दुकानातले प्लॅस्टिकचे पारदर्शक पेले मी आणून ठेवले होते, मुळं बाहेरून दिसावीत म्हणून. त्यासाठी दोन दिवसांत सात आइस्ड कोपी प्यालो आणि दोन्ही रात्री जागा राहिलो. पेल्यांच्या बुडाला तापलेल्या दाभणाने भोकं पाडली, साल भरली, रोप ठेवलं. रोप सटकन दोन तुकड्यांच्या मधून खाली गेलं आणि तळाशी जाऊन पडलं. दुसरं ठेवलं, तेही गेलं. विहिरीत डोकावावं तसा मी पेल्यात डोकावत होतो.

लेकीने पोतं फिरवून मागची आकारांची यादी बघितली. "बाबा, हिअर गॉट अनदर वन. फाइन. फॉर सीडलिंग्ज."

"पण आंटी मीडियम म्हणाल्या. तीनदा."

"मीडियम मीन्स द स्टफ! झाड ज्याच्यात ग्रो होतं ते! इन सायन्स ऑल्सो वी से मीडियम!"

मी पोत्यावरचा शब्द पुन्हा वाचला. मग बायकोने विचारलं, "तुमच्या प्लांटमध्ये तू नक्की काय करतोस रे?"

रविवारी परत नर्सरीत गेलो. या वेळी नर्सरीवाले अंकल मोकळे होते. त्यांनी हात हलवला. बारीक साल संपली. जहाज यायचंय. कधी? पुढच्या महिन्यात, कदाचित. गाळणीतल्या सात रोपांची मुळं तोवर सुतळीसारखी वाळली असती. मला साल त्याच संध्याकाळी हवी होती.

"मग मोठीच बारीक करू?" मी विचारलं.

त्यांनी खांदे उडवले. "करा. पण ठेचू नका. ठेचली की भुसा होतो, भुशाने फटी बुजतात." बारा वर्षांचा माझा धंदा मला त्यांनी टेम्पोत पोती चढवता चढवता शिकवला.

कात्री घेतली, ती वाकली. सुरी घेतली, ती निसटून अंगठ्याला लागली. मग आठवला अडकित्ता. पुण्याहून निघताना आईने बळेच सामानात कोंबलेला, लोखंडी, मोराच्या मुठीचा. सिंगापुरात आमच्या घरी तो वर्षातून एकदा, सत्यनारायणाला आलेल्या लोकांना सुपारी द्यायला निघायचा. बाल्कनी नव्हती म्हणून बाथरूमच्या दारात पेपर पसरून बसलो आणि साल कातरायला लागलो. खट् खट्. अडकित्ता ठेचत नाही, कापतो. तुकडा स्वच्छ निघतो, धारा सरळ. कोणत्याही कारखान्यात याहून चांगलं यंत्र असेल असं मला त्या क्षणी वाटलं नाही.

मधेच आईचा पुण्याहून फोन आला. तो कानाशी खांद्याने दाबून मी कातरत राहिलो.

"काय आवाज येतोय रे?"

"अगं, रोपांसाठी साल करतोय. योग्य साल मिळत नव्हती म्हणून."

"कुठलं साल? तुझं जन्मसाल पासपोर्टवर आहे की."

"ते साल नाही गं, ती साल! झाडाची! तू दिलेल्या अडकित्त्याने कातरतोय."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग तिने विचारलं, "नोकरी आहे ना रे?"

कातरून झाल्यावर प्रश्न आला आकाराचा. आमच्या धंद्यात चाळण्यांची उतरंड असते, वरून जाड, खाली बारीक, प्रत्येकीचा आकडा ठरलेला. घरात आकडे नव्हते, पण चाळण्या होत्या. बायको डाळ निवडत बसली होती तोवर मी तिच्या तीन चाळण्या उचलल्या. पोह्यांची, रव्याची आणि कणकेची. पोह्यांच्या चाळणीतून जे खाली पडलं ते घ्यायचं, रव्याच्या चाळणीतूनही जे पडलं ते टाकायचं. मधलं उरलं ते कातरलेल्या सुपारीएवढं. मुठीत धरून पाहिलं, बोटांतून फुंकर मारली तर आरपार गेली. कणकेची चाळणी लागलीच नाही, पण ती उचलल्याचं बायकोला सगळ्यात जास्त लागलं.

"रव्याला आता लाकडाचा वास येणार."

"धुऊन देतो."

"धू. आणि मग नवीन आण."

मग भिजवणं. साल पाण्यात टाकली तर सगळी वर तरंगली. कोरडी साल पाणी पीत नाही, पाठ फिरवते. तेव्हा बादलीत घालून वर ताटली, ताटलीवर वरवंटा. कॉरिडॉरमध्ये बादलीभर साचलेलं पाणी ठेवण्याची सिंगापुरात छाती नाही, डासांची तपासणी करणारे दारात उभे राहतात, म्हणून बादली आमच्या एकुलत्या शॉवरखाली. दोन दिवस तिघांनी बादलीला प्रदक्षिणा घालत आंघोळी केल्या. पाणी चहाच्या रंगाचं झालं, ते ओतून दुसरं घातलं. तिसऱ्या दिवशी साल तळाशी बसली. मी कामावर असताना बायकोने फोटो पाठवला, खाली एकच शब्द. 'बुडाली.' मी मीटिंगमध्ये होतो आणि मोठ्याने "अरे वा" म्हणालो. चर्चा एका गळतीवर चालली होती.

सात पेले, सात रोपं. सालीत थोडा कोळशाचा चुरा मिसळला. रोप दोन बोटांत धरून तुकडे भोवतीने एकेक सोडायचे, वरून दाबायचं नाही, पेला टेबलावर नुसता टिचकवायचा म्हणजे साल आपली आपण बसते. एका रोपाला वीस मिनिटं लागली. माझा हात अंगठ्याने दाबायला सारखा पुढे जायचा, आणि लेक शेजारी पट्टी घेऊन बसलेली. दोनदा मारली.

पाण्याचा हिशेब मी सोडला नाही. पेला भिजलेला असताना किती वजनाचा, वाळल्यावर किती, हे स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर तोलून लिहून ठेवलं. वजन उतरल्याशिवाय थेंब घालायचा नाही. कामावर जाण्याआधी सात पेले तोलायचे. त्यापायी कंपनीची बस दोनदा चुकली आणि जुरोंग आयलंडच्या गेटपर्यंत टॅक्सीने जाऊन मी पास दाखवत धावलो. तरी पाचव्या आठवड्यात एक रोप गेलं. काही कारण नव्हतं. वजन बरोबर होतं, साल बरोबर होती, ते गेलं. त्या रविवारी तो रिकामा पेला मी दोनदा तोलला. उरलेले सहा पेले एकमेकांपासून वीतभर लांब ठेवले आणि सोमवारी पुन्हा तोलायला उभा राहिलो.

आंटी मधून मधून फोन करायच्या, फोटो पाठव म्हणायच्या. मी एका रोपाचा फोटो अगदी जवळून काढून पाठवला.

"छान. बाकीची?"

"मागे आहेत," मी म्हणालो.

दहाव्या आठवड्यात पेल्याच्या भिंतीशी एक पांढरा दोरा दिसला, टोकाला हिरवा. नवं मूळ. मी बायकोला हाक मारली, तिने लेकीला मारली, आणि आम्ही तिघं कॉरिडॉरमध्ये एका कोपीच्या पेल्यासमोर उकिडवे बसलो. येणारे-जाणारे आम्हाला वळसा घालून गेले.

आंटी परत आल्या त्या संध्याकाळी मी अजून बुटांतच होतो. त्यांनी दार उघडलं, बॅग आत ठेवली आणि आधी फोटोकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी आठवडाभर तीन-चार तऱ्हांनी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"आंटी, एकोणतीस होती. सहा आहेत. बाकीची मी मारली."

त्यांनी दाराची किल्ली काढून मुठीत धरली.

"तुम्ही बार्क सांगितली होती. मी तुळशीच्या मातीत लावली."

"ही?" त्यांनी आमच्या दाराकडे बोट केलं. "देवाच्या झाडाची?"

"हो."

त्या बराच वेळ तुळशीकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या. मला वाटलं दार लावून घेणार. बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, जे ती सहसा करत नाही. आंटी बाहेर आल्या त्या अंकलचं स्टूल घेऊन. मांडणीपुढे टाकलं, बसल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "आण."

मी सहा पेले एकेक करून आणून दिले. थरथरत्या हातांनी त्यांनी एकेक पेला उजेडाला धरला. मुळं सालीच्या तुकड्यांना वेढे घालून बसली होती, एकाने तर तुकडा पुरता कवेत घेतला होता. आंटींनी पेला हळूच आडवा केला, मग उलटा धरला. मी खाली ओंजळ धरली. काहीच सांडलं नाही. साल, कोळसा, रोप, सगळं जिथल्या तिथे.

"कोणी कापली ही साल?"

"मी."

"हं." त्यांनी सहाही पेले मांडणीच्या वरच्या फळीवर, अंकलच्या जुन्या झाडांशेजारी ओळीने लावले. शेवटचा लावताना म्हणाल्या, "सहा फुलं. चालेल." डोळे पुसले की चष्मा खाली घेतला, ते मला दिसलं नाही.

मला धीर आला. मी म्हणालो, "आंटी, मुळं बघितलीत ना, किती घट्ट धरलंय सालीला?"

आंटी स्टुलावरून उठल्या, पेल्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"धरणारच, लाह," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर विश्वास नाही त्यांचा."